कल्पिताचा एक पॉइंट

संचिताला जिंकायचा कंटाळा आला होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ऐकणाऱ्याला तो माज वाटला असता. म्हणून ती काही बोलायची नाही आणि दर वर्षी जिल्ह्याच्या निवडीला जाऊन, जिंकून, मेडल पिशवीत टाकून घरी यायची.

त्या रविवारी सकाळी पलंगाच्या कडेला बसून ती उजव्या गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती. तिची आई, मालन, चहा घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"आज परत?"

"निवड आहे ना, आई. जिल्ह्याची."

"दर वर्षी तुलाच तर निवडतात. मग घरी बसून नाही का निवडत?"

"एकटीला नाही निवडत. समोर कोणीतरी लागतं."

आईने कप खुर्चीवर ठेवला आणि पट्टीकडे बघितलं. "पाय दाखवून घे म्हणाले होते ना डॉक्टर," एवढंच बोलली आणि आत गेली.

संचिता बत्तीस वर्षांची होती. दिवसा डोंबिवलीतल्या एका शाळेत पीटी शिकवायची आणि संध्याकाळी सहदेव सरांच्या क्लासमध्ये मुलांना कराटे. याच क्लासमध्ये ती स्वतः दहाव्या वर्षी पांढरा पट्टा बांधून आली होती. मधल्या काळात राज्यात दोनदा रौप्य मिळालं आणि एकदा राष्ट्रीय संघाच्या राखीव खेळाडूंत नाव लागलं. ती चांगलीच होती. पण तिच्याबरोबरच्या मुली एकेक करून गळाल्या. कुणाचं लग्न झालं, कुणी पुण्याला नोकरीला गेली, कुणाची पाठ गेली. नव्या मुली बारावीपर्यंत खेळायच्या, सर्टिफिकेटं घ्यायच्या आणि कॉलेज लागलं की दिसेनाशा व्हायच्या. मोठ्या बायकांच्या गटात, तिच्या वजनात, ती एकटी उरली होती.

आणि एकटीचा गट होत नाही. निदान दोन नावं नसली तर जिल्ह्याची संघटना गटच रद्द करायची. मग राज्याला जायचा प्रश्नच नाही. त्यामुळे दर वर्षी सहदेव सर कुठून तरी दुसरं नाव आणायचे. कधी नुकती अठरा पूर्ण झालेली क्लासची मुलगी, कधी कुणाची तरी मोठी बहीण, तर एकदा चक्क क्लासमधल्या एका मुलाची आई. तिला नुसतं "एक मिनिट उभं राहायचंय" असं सांगून आणलं होतं.

त्या दुसऱ्या नावाला हरवायचं, हे संचिताचं वर्षाचं काम होऊन बसलं. तिने त्याची एक पद्धतही बसवून घेतली होती. भराभर जायचं, जेमतेम टेकेल इतकंच मारायचं, समोरच्या बाईला काय झालं ते कळायच्या आत संपवायचं. लहान मुलाला इंजेक्शन देणारी नर्स जशी बोलत बोलत सुई टोचून मोकळी होते, तसं. तरी एक मुलगी मॅटवरच रडायला लागलेली. दुसरी हरल्यावर वाकून संचिताच्या पाया पडलेली. रडलेली परवडली, असं संचिताला तेव्हा वाटलं होतं.

या वर्षी ती सरांना म्हणाली होती, "सर, बस झालं आता." सर साठीला आले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि नेहमीचंच उत्तर दिलं, "एक वर्ष अजून. तुझ्यामागे आपलं कोण आहे?" तेही दमलेले दिसत होते. दमलेल्या माणसाला नाही म्हणणं संचिताला कधी जमलं नाही.

स्पर्धा ठाण्याला, बाळकुमच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. संचिता स्कूटी घेऊन माणकोलीच्या पुलावरून निघाली आणि साडेनऊच्या सुमाराला पोहोचली. हॉलमध्ये नेहमीचा गोंधळ चालू होता. लाल-निळ्या मॅट जोडून तीन आखाडे केलेले, माइकवर कुणीतरी एकाच मुलाचं नाव परत परत पुकारत होतं, आयांच्या हातात पाण्याच्या बाटल्या, मुलांच्या पायांना पॅड नाहीत म्हणून ओरडा. घामाचा, रबराचा आणि बटाटेवड्याचा एकत्र वास. या वासाने पूर्वी तिला कधी एकदा मॅटवर जाते असं व्हायचं. आता काहीच व्हायचं नाही.

विनीत धावत आला. हा सहदेव सरांचाच जुना विद्यार्थी, आता बाळकुममधल्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये स्वतःचा क्लास चालवायचा. या वर्षीचं दुसरं नाव त्यानेच दिलं होतं.

"ताई, एक सांगायचंय. कल्पिताताई नवीन आहे. ग्रीन बेल्ट आहे फक्त. जरा सांभाळून घे हां."

"किती वर्षं झाली शिकून?"

"दोन पण नाही झाली. अडतीस वर्षांची आहे. पण ताई..." तो घुटमळला. "ती सीरियसली घेतेय. मी तिला बोललेलो की नुसतं नाव द्यायचंय. तिला ते पटलंच नाही. तीन महिने रोज सकाळी येते."

पाठीमागून सहदेव सर आले. त्यांनी ऐकलं असावं. "लवकर संपव," ते हळूच म्हणाले. "गुडघा वाचव. पुढच्या महिन्यात राज्याची आहे."

एक म्हणाला सांभाळ, दुसरा म्हणाला संपव. संचिताने दोघांकडे बघून मान हलवली आणि कपडे बदलायला गेली.

मुलींसाठी एक वर्ग दिलेला होता. तिथे एक भरल्या अंगाची, सावळी बाई बाकावर बसून दातांनी हातमोज्याचा पट्टा ओढत होती. केस घट्ट बांधलेले, कपाळावर घाम. गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिने रुमालात बांधून बाजूला ठेवलं होतं. संचिताला बघून ती ताडकन उठली.

"मॅडम, मी कल्पिता. तुमच्या समोर मीच."

"बसा ना, ताई. पट्टा लावून देऊ?"

"द्या. तीनदा लावला मी, सुटतोच."

संचिताने पट्टा ओढून बसवला. कल्पिता बोलायला लागली आणि थांबेचना. क्लासला खरं तर मुलीला घातलेलं, अंतराला. अंतरा अकरा वर्षांची. तिने चार महिन्यांत सोडलं, म्हणे कंटाळा येतो. पण तिला सोडायला-आणायला येऊन बसायची कल्पिताला सवय लागलेली, ती काही सुटेना. "एक दिवस विनीत सर बोलले, ताई नुसतं बसून काय करता, उभ्या राहा मागे. मी राहिली उभी. तेव्हापासून उभीच आहे."

"घरचे काय म्हणाले?"

"सासूबाई हसल्या. बोलल्या, ते क्लबहाऊस हाय ना, तिथं आपलं भाताचं शेत होतं. तिथं मी कमरेत वाकून लावणी केली, तू लाथा मार." कल्पिता स्वतःही हसली आणि तिने हॉलच्या दिशेने बघितलं. "सगळे आलेत आज. मी नको बोललेली. तरी आले."

"घाबरू नका," संचिता म्हणाली. तिच्या तोंडून हे दर वर्षी निघायचं.

"घाबरली तर आहेच," कल्पिता म्हणाली. "पण मी तुमचे व्हिडिओ बघितलेत. सगळे. यूट्यूबवर आहेत तेवढे."

संचिताने मान वर करून तिच्याकडे बघितलं. आपले व्हिडिओ कुणी बघत असेल असं तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

दुपारी बाराच्या पुढे त्यांचं नाव पुकारलं. तोवर लहान मुलांचे गट संपत आले होते आणि हॉल अर्धा रिकामा झाला होता. भिंतीकडच्या खुर्च्यांची एक अख्खी रांग मात्र भरलेली होती. मधोमध कल्पिताची सासू ठमाबाई, नऊवारी नेसलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा, मांडीवर डब्यांची पिशवी. शेजारी कल्पिताचा नवरा नयन मोबाइल उभा धरून तयार. दोन जावा, एक नणंद, पोरंटोरं. टोकाला अंतरा, मान खाली घालून, मोबाइलमध्ये तोंड खुपसून.

संचिताने लाल पट्टा बांधला होता, कल्पिताने निळा. दोघी वाकल्या. रेफरीने हात मध्ये धरला आणि सुरू करायला खाली आणला. "हाजिमे!"

कल्पिता सरळ चालून आली. सरळ म्हणजे अगदी सरळ, रिक्षा गल्लीत घुसते तशी. संचिता अर्धं पाऊल बाजूला सरकली, ठोसा तिच्या छातीला टेकवला आणि मागे आली. "यामे!" रेफरीने थांबवलं. लालला एक. कल्पिताने रेफरीला वाकून नमस्कार केला. तो करायचा नसतो. मागे बसलेली क्लासची मुलं खिदळली.

परत तसंच. परत एक. परत नमस्कार.

तिसऱ्यांदा संचिताने पोटावर लाथ ठेवली. मारली नाही, ठेवली. दोन मिळाले. उजव्या गुडघ्यातून एक कळ मांडीपर्यंत गेली आणि तिला वाटलं, सर म्हणतात ते बरोबर आहे, संपवावं. आठची आघाडी झाली की खेळ संपतो. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. आणखी दोन ठोसे टेकवले. सहा-शून्य.

पण मघापासून काहीतरी वेगळं होत होतं आणि ते तिच्या आता लक्षात आलं. बाकीच्या बायका पहिल्या दोन ठोशांत मागे सरायच्या. त्यांचे डोळे मिटायचे. ही मिटत नव्हती. दर वेळी तेवढ्याच जोरात येत होती, तेवढ्याच चुकीच्या पद्धतीने, आणि डोळे उघडे ठेवून.

"कल्पे, मार गो!" ठमाबाई खुर्चीतून ओरडली. "हात काय शोभेला दिलान देवानं?"

सगळा हॉल हसला. संचितालाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात तिची नजर रांगेच्या टोकाला गेली. अंतरा उठून बापाची बाही ओढत होती. "पप्पा, रेकॉर्ड नका करू ना. प्लीज." तिचं तोंड रडवेलं झालं होतं. नयनने मोबाइल खाली केला.

आणि कल्पितानेही ते बघितलं. संचिताने बघितलं की कल्पिताने बघितलं.

त्या क्षणी संचिताने ठरवलं, हिला एक द्यायचा. एक पॉइंट, बाकी काय. सहा-एक होईल, मग तीन घेऊन संपवायचं. घरी जाऊन सांगायला तिच्याकडे काहीतरी असेल. देणं अवघड नव्हतं, फक्त दिल्यासारखं दिसायला नको. ती आली की अर्धा क्षण उशिरा सरकायचं, छाती थोडी पुढे ठेवायची. आत्ताच नको, पुढच्याला. रेफरी डाव्या बाजूला आहे, त्याला नीट दिसलं पाहिजे...

हे सगळं डोक्यात चालू असताना कल्पिता आलीच. संचिताचा हात सवयीने पुढे गेला आणि ठोसा टेकला. आता "यामे" येणार, म्हणून तिने हात खाली सोडला आणि रेफरीकडे बघितलं.

"यामे" आलं नाही. तो ठोसा कोपराला लागला होता, तिथे पॉइंट नसतो. रेफरी नुसता बघत होता. आणि मग संचिताच्या छातीत काहीतरी धाडकन बसलं.

एवढ्या जोरात की तिचा श्वास अडकला आणि ती एक पाऊल मागे गेली. समोर कल्पिता हात लांब करून उभी होती, तोंड उघडं, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता.

"यामे!" रेफरीचा हात निळ्याकडे गेला. सहा-एक.

मग जे झालं ते बाळकुममध्ये बरेच दिवस सांगितलं गेलं असणार. ठमाबाई डब्यांची पिशवी टाकून उभी राहिली. जावांनी किंकाळ्या फोडल्या. नयन "एक मिळाला, एक मिळाला" म्हणत शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीवर थापा मारत होता. शेजारच्या आखाड्यातला खेळसुद्धा क्षणभर थांबला. कल्पिताने परत रेफरीला नमस्कार केला आणि या वेळी कुणी हसलं नाही.

संचिता छाती चोळत उभी होती. तिला राग आला होता. कशाचा, ते तिला सांगता आलं नसतं. आपण मोठ्या मनाने काहीतरी द्यायला हात पुढे करावा आणि समोरच्याने आधीच ते हिसकावून घेतलेलं असावं, तसलं काहीतरी. ती कितीतरी वर्षांत जिल्ह्याच्या मॅटवर रागावली नव्हती.

"हाजिमे!"

कल्पिता आली. संचिता या वेळी सरकली नाही. तिचा उजवा पाय जमिनीवरून उठला, मोठं वर्तुळ घेऊन वर गेला आणि पायाचा चवडा कल्पिताच्या गालाला चाटून थांबला. ती लाथ टेकवलेली नव्हती. ती खरी होती, राज्याच्या फायनलला मारायची तशी, आणि थांबली तीही तिथली सवय म्हणून. बोटभर पुढे गेली असती तर कल्पिताचे दात हलले असते.

तीन पॉइंट. नऊ-एक. आठची आघाडी. खेळ संपला.

रेफरीने कल्पिताच्या हनुवटीला धरून गाल बघितला. गाल लाल झाला होता, बाकी काही नाही. कल्पिता म्हणाली, "ठीक आहे, सर." संचिताचा गुडघा आता नुसता दुखत नव्हता, आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटत होतं. ती वाकली, हात मिळवला आणि न लंगडता बाहेर यायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मेडलं देऊन झाल्यावर ती हॉलमागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. सावली होती आणि कुणी नव्हतं. पाच मिनिटं बरी गेली. मग ठमाबाई आली, पिशवीसकट.

"ही काय गो तुझी रीत?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बाईमाणसाच्या तोंडावर लाथ मारायची?"

"खेळच तसा आहे, आजी."

"खेळ!" ठमाबाईने तिला नखशिखांत न्याहाळलं, गुडघ्याशी नजर थांबली. "जेवलीस का?"

"नाही अजून."

तिने डबा उघडला आणि झाकणावर तांदळाची भाकरी, वर सुकटीची चटणी, संचिताच्या हातात ठेवली. "खा. रडल्यासारखं तोंड झालंय तुझं. जिंकलीस ना?" उत्तराची वाट न बघता ती परत गेली. जाताना दाराशी आलेल्या कल्पिताला म्हणाली, "बोल तिच्याशी, काय बोलायचंय ते. मी पोरांना बघते."

कल्पिता पायरीवर येऊन बसली. मंगळसूत्र परत घातलं होतं. गालावर बर्फाचा रुमाल धरला होता.

"खरं सांगणार का?" तिने विचारलं.

"काय?"

"तो पॉइंट माझा होता, की तुम्ही दिलात?"

संचिताचा घास हातातच राहिला. "तुमचा होता."

"शपथ?"

"तुमचाच होता, ताई. मला लागलंय अजून."

कल्पिताने मान हलवली, पण पटलं म्हणून नाही. "मी विनीत सरांबरोबर तीन महिने तेवढंच केलंय. व्हिडिओत बघितलेलं मी. तुम्ही मारलं की लगेच हात खाली सोडता आणि रेफरीकडे बघता. संपलं म्हणून. दर वेळी. मी सरांना बोलली, तिथे घुसायचं. बाकी काय मला जमणार नाही, तेवढं एक जमेल. म्हणून मी घुसली." तिने रुमाल उलटा करून परत गालाला लावला. "पण त्याच्या आधी तुम्ही माझ्याकडे बघितलंत. अंतरा उठली तेव्हा. कसं बघितलंत माहितेय? रस्त्यात पडलेल्या माणसाकडे बघतात तसं. मग मला वाटतंय, सोडला असेल हात मुद्दाम."

खोटं बोलून काही उपयोग नव्हता आणि अर्धंच खरं सांगून भागत नव्हतं. संचिताने भाकरी डब्याच्या झाकणावर ठेवली.

"मी देणार होते," ती म्हणाली.

कल्पिताने रुमाल खाली घेतला.

"देणार होते. कसा द्यायचा त्याचाच विचार करत होते. पुढच्या वेळी उशिरा सरकायचं, असं ठरवलेलं. तेवढ्यात तुम्ही मारलात. मी द्यायच्या आधी."

"म्हणजे देणारच होतीस." ती "तुम्ही"वरून कधी उतरली ते दोघींनाही कळलं नाही.

"हो."

"आणि तुझं लक्ष त्या देण्यात होतं, म्हणून लागला."

"... हो. तसंही असेल."

"मग माझा अर्धाच," कल्पिता म्हणाली. तिचा आवाज चिडका होता. "अर्धा माझा, अर्धा तुझ्या उपकाराचा. घरचे सगळे नाचतायत अर्ध्यासाठी."

"मग मी लाथ का मारली असती?" संचितालाही आता राग आला. "अशी लाथ मी जिल्ह्याला मारत नाही. कुणालाच मारली नाही इतक्या वर्षांत. तुझा नसता तर मला एवढं झोंबलं असतं का?"

कल्पिताने गालाला हात लावला.

तेवढ्यात सहदेव सर शोधत आले. "संचिता, ऑफिसमध्ये सही करायची आहे. राज्याची यादी जातेय." मग त्यांचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. गुडघा पट्टीच्या वर फुगून आला होता.

"सर, मी नाही जात," संचिता म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला कळलं की ती हे कधीपासून बोलायला बघत होती. आवाज चढला नाही, डोळे भरून आले नाहीत. नुसतं खांद्यावरचं ओझं जमिनीवर ठेवावं तसं ते वाक्य तिने खाली ठेवलं.

सर खालच्या पायरीवर बसले. त्यांनी गुडघा दाबून बघितला, ती कळवळली. "आईस लाव, एक महिना आहे अजून..." त्यांनी सुरुवात केली आणि तिच्या तोंडाकडे बघून थांबले. "मी तुला जरा जास्तच ताणलं," ते म्हणाले. उठताना त्यांनी कल्पिताकडे बघितलं. "पहिली जात नसेल तर नियमाप्रमाणे दुसरीचं नाव जातं. तुमची तयारी आहे का?"

कल्पिता उभीच राहिली. "मी? राज्याला?" मग ती वळली आणि संचितावर उखडली. "आधी पॉइंट, आता नंबर! किती देशील गो तू? काय समजतेस मला?"

"तुला काही देत नाहीये," संचिता म्हणाली. "दर वेळी तुझ्यासाठी नसतं काही. मी दमलेय. खूप दमलेय. मला घरी जाऊन झोपायचंय, बस."

या वेळी कल्पिताला काहीतरी पटलं असावं, कारण तिने पुढे वाद घातला नाही. खाली बसून तिने संचिताचा पाय उचलला, आपल्या मांडीवर घेतला आणि गालाचा तो ओला रुमाल गुडघ्यावर ठेवला. "स्कूटी राहू दे इथे. नयन सोडेल गाडीने," ती म्हणाली. "आणि भाकरी संपव. सासूबाई विचारतील."

डॉक्टरांनी संचिताला सहा आठवडे घरी बसवलं. शाळेत रजा टाकावी लागली. क्लासला विनीत आठवड्यातून दोनदा बाळकुमहून यायला लागला. आईने पहिले दोन दिवस "मी सांगत होते" असं म्हणून घेतलं आणि मग तेही सोडून दिलं. संचिता झोपत होती. सकाळी चहा घेऊन परत झोपायची, दुपारी जेवून झोपायची. एवढी झोप आपल्यात साठलेली होती हे बघून तिचं तिलाच आश्चर्य वाटायचं. कधी उदास वाटायचं, कपाटावरची मेडलं बघून नाही, तर संध्याकाळी क्लासची वेळ झाली की. मग तेही कमी झालं.

राज्याची स्पर्धा सांगलीला होती. शनिवारी दुपारी फोन वाजला तेव्हा संचिता गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून पंख्याखाली पडली होती.

"हरली," कल्पिता म्हणाली. मागे माइकचा तोच गोंगाट.

"किती?"

"आठ-शून्य. पाणी पिऊन आली असती तरी तेवढा वेळ लागला असता. वीस वर्षांची पोरगी गो, कोल्हापूरची. दिसलीच नाही मला. आली, मारलं, गेली. एकदा पण माझ्याकडे बघितलं नाही तिने."

"लागलं का कुठे?"

"नाय." गोंगाट जरा लांब गेला. "आधी रडली मी. बाथरूममध्ये. मग बाहेर येऊन तिचे पुढचे सगळे राऊंड बघितले. अंतराने रेकॉर्ड केलेत."

"अंतरा आलीय?"

"माझ्या आधी गाडीत बसलेली. आता मला बोलते, मम्मी, तू सरळ का जातेस, ती बघ कशी तिरकी जाते. चार महिने क्लासला गेली आणि मला शिकवते."

संचिता हसली. हसताना पाय हलला आणि दुखलं.

"ऐक ना," कल्पिता म्हणाली. "ते तिरकं जायचं, ते तू शिकवशील का? विनीत सर बोलले ते तुझ्याकडून शिक."

"मला अजून उभं राहता येत नाही नीट."

"मग बसून शिकव."

"कंटाळा येतो गं मला आता."

"येऊ दे. कंटाळा आला की सांग, मी घरी जाईन. जबरदस्ती नाय."

संचिताने छताकडे बघितलं. नाही म्हणायला काही हरकत नव्हती. या वेळी समोर दमलेलं कुणी नव्हतं, आणि कुणाचं वाईटही वाटलं नसतं.

"बुधवारी ये," ती म्हणाली. "अकरा वाजता. मी खुर्चीतून उठणार नाही हां, आधीच सांगते."

"नको उठूस. सासूबाई सुकट पाठवतील."

फोन ठेवल्यावर ती तशीच पडून राहिली. पिशवीतल्या बर्फाचं केव्हाच पाणी झालं होतं आणि एक धार पोटरीवरून गादीकडे निघाली होती. तिने पिशवी उचलली, भिंतीला धरून उभी राहिली आणि ती मोरीत ओतायला हळूहळू स्वयंपाकघराकडे गेली.